अ‍ॅसिड वॉशनंतर शहाबादी, मोझॅक आणि कडप्पा परत ताळ्यावर आणताना : कामाच्या नोंदी

११ जानेवारी २०२५

घर सोलापूरचं, सासऱ्यांनी १९८१ साली बांधलेलं. हॉल आणि मधल्या खोलीत शहाबादी फरशी, पुढच्या व्हरांड्यात मोझॅक टाइल्स, स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा, आणि बाथरूममध्ये नंतर बसवलेल्या पांढऱ्या ग्लेझ्ड टाइल्स. म्हणजे एकाच घरात चार प्रकार, आणि चारही वेगवेगळ्या तऱ्हेने खराब झालेले.

मुख्य दुखणं हॉल आणि व्हरांड्याचं. गेल्या दिवाळीआधी साफसफाईला आलेल्या माणसाने दोन्हीकडे अ‍ॅसिड ओतून खराट्याने घासलं. भरपूर फेस आला, घरातल्या सगळ्यांना वाटलं की वर्षानुवर्षांची घाण निघतेय. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, मोझॅक म्हणजे सिमेंटमध्ये बसवलेल्या संगमरवराच्या चिप्स. दोन्हीत चुना, आणि चुन्यावर अ‍ॅसिड पडलं की दगडच विरघळतो, तो फेस त्याचा होता. वाळल्यावर फरशी पांढुरकी आणि खरखरीत झाली, पॉलिश गेलं, वर काही सांडलं की आत मुरायला लागलं. दिवाळीत व्हरांड्यात काढलेल्या रांगोळीचा गुलाबी रंग अजून तिथेच आहे.

सासूबाईंचं वय ७६. त्यांना फरशी आरशासारखी नकोच आहे, पाय घसरू नये आणि एका फडक्यात पुसून व्हावी एवढंच हवंय. सगळं काम या एका अटीवर ठरवलंय. नोंदी यासाठी ठेवतेय की आमच्या गल्लीत निम्म्या घरांत हीच फरशी आहे आणि निम्म्या घरांत हेच अ‍ॅसिड वापरतात.

१३ जानेवारी

पॉलिशवाले मिळत नाहीयेत, गड्ड्याची यात्रा आहे, सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांच्या मिरवणुका चालू आहेत, या आठवड्यात सोलापुरात कोणी कामाला येणार नाही. बरंच झालं, तोवर तपासणी उरकली.

हॉलमधल्या दिवाणाखालच्या फरशीपर्यंत अ‍ॅसिड पोचलंच नव्हतं. तीच आता आमची मोजपट्टी, आधी फरशी कशी होती ते तिच्यावर दिसतं. दोन्हीकडे एकेक चमचा पाणी टाकून बघितलं. दिवाणाखाली पाणी थेंब धरून बसलं, चहा पिऊन आले तरी तसंच. अ‍ॅसिड लागलेल्या फरशीवर बघता बघता मुरलं आणि काळा डाग पडला. घरी कुणालाही करता येण्यासारखी ही पहिली चाचणी, यात पैसा लागत नाही.

दुसरी चाचणी व्हिनेगरची. कुठला दगड आहे याची खात्री नसेल तर कपाटामागे, कुणाला न दिसणाऱ्या जागी एक थेंब टाकायचा. बुडबुडे आले किंवा पुसल्यावर तिथे निस्तेज ठिपका राहिला तर तो चुन्याचा दगड. शहाबादी, कडप्पा, कोटा, संगमरवर सगळे त्यात येतात. ग्रॅनाइटवर असं काही होत नाही. लोकांचा गोंधळ इथेच होतो, काळा ओटा दिसला की ग्रॅनाइट समजून लिंबू-मीठ घासतात आणि तो निघतो कडप्पा.

१९ जानेवारी

आज मशीन लावायच्या आधीचं काम. अ‍ॅसिड लावलेली फरशी सकाळी दमट लागते, पाय चिकटतात. आधी वाटलं खालून ओल येतेय. पण दिवाणाखालची फरशी कोरडी ठणठणीत आहे आणि ती त्याच ओळीत आहे, म्हणजे ओल नाही. अ‍ॅसिड आणि चुना मिळून जे कॅल्शियम क्लोराइड तयार होतं ते हवेतलं पाणी ओढतं. ते नीट धुऊन न काढल्यामुळे दगडाच्या छिद्रांत बसलंय.

शेजारच्या वहिनींनी आणि एका दुकानदाराने, दोघांनीही सांगितलं की खायचा सोडा टाका, अ‍ॅसिड मरेल. आता अडीच महिन्यांनी तिथे अ‍ॅसिड उरलेलंच नाही, दगडाने ते त्याच दिवशी मारलं, स्वतः झिजून. सोडा टाकला तर क्षारात क्षाराची भर. अ‍ॅसिड ओतल्या ओतल्या त्याच मिनिटाला सोड्याचं पाणी टाकलं असतं तर थोडा उपयोग झाला असता, आता नाही. सोडा टाकला नाही.

क्षार बाहेर काढायचे तर ओला लगदा लावायचा. कागद पाण्यात भिजवून लगदा करायचा, बोटभर जाडीचा थर फरशीवर थापायचा आणि वाळू द्यायचा. वाळताना पाणी वर येतं, येताना क्षार घेऊन लगद्यात येतं. जुन्या वर्तमानपत्राचा लगदा एका फरशीवर करून बघितला तर शाईची करडी छटा उतरली, तो बेत तिथेच सोडला. साधे पांढरे टिश्यूचे रोल आणले, स्वस्तातले, आणि चार फरश्यांचा तुकडा घेऊन लावले. पाणी बोअरचं वापरायचं नाही, आमचं बोअरचं पाणी इतकं जड आहे की बादलीला पांढरी किनार धरते. नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे आल्या दिवशी एक टाकी या कामासाठी बाजूला ठेवली.

२३ जानेवारी

लगदा वाळायला तयार नाही. मधल्या भागात वाळला पण जिथे अ‍ॅसिड जास्त साचलं होतं, म्हणजे मोरीकडच्या उताराला, तिथे चार दिवसांनी पण ओलसरच. सोलापूरच्या जानेवारीच्या कोरड्या हवेत टॉवेल दुपारपर्यंत वाळतो, म्हणजे लगद्यात क्षार भरपूर आलाय. तो उचलून कचऱ्यात टाकला, फरशी नळाच्या पाण्याने पुसली आणि दुसरा थर लावला.

२ फेब्रुवारी

दुसरा थर कडक वाळून पापडासारखा सुटला. सकाळी पाय चिकटत नाही. मग हॉलच्या उताराकडच्या सगळ्या भागाला हेच केलं, बाकी ठिकाणी नुसतं साधं पाणी टाकून लगेच वायपरने ओढून घेणं आणि सुक्या फडक्याने टिपणं, असं परत परत. पाणी फरशीवर वाळू द्यायचं नाही हे महत्त्वाचं, नाहीतर क्षार फिरून तिथेच बसतो.

यात दोन आठवडे गेले आणि खर्च टिश्यू रोलचे ३४० रुपये. पॉलिशवाल्याने हे वाया घालवलेले दिवस आहेत असं सांगितलं. मला तसं वाटत नाही. क्षार आत ठेवून वरून पॉलिश केलं असतं तर पहिल्याच पावसाळ्यात पॉलिशखालून पांढरं फुटलं असतं.

५ फेब्रुवारी

पॉलिशचे दर विचारले. एकाने चौरस फुटाला २२ रुपये सांगितले, त्यात शेवटी ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पावडर आणि लिक्विड वॅक्स. दुसऱ्याने २८, तो म्हणाला ताई तुम्ही सांगाल तिथे थांबतो. हॉल १८० चौरस फूट, व्हरांडा ११२. दुसऱ्याला काम दिलं.

ऑक्झॅलिकबद्दल सगळे विचारतात म्हणून लिहिते. मोझॅक आणि मार्बलवाले शेवटच्या हाताला ते वापरतात आणि जाणत्या माणसाच्या हातून त्याने चमक येते हे खरं आहे. पण ते विषारी आहे, पोटात गेलं तर किडनीला त्रास होतो, हातमोजे आणि नंतरची भरपूर धुलाई हवीच. आम्हाला चमक नकोच होती, मग ते घरात आणायचं कारण नव्हतं.

८ फेब्रुवारी

मोठं मशीन यायच्या आधी दाराआडच्या कोपऱ्यात हाताने करून बघितलं, कारण भिंतीच्या कडेला आणि कोपऱ्यांत मोठं मशीन पोचत नाही, तिथे शेवटी हातानेच करावं लागतं. चार इंची डायमंड पॅड आणले, पाण्यावर चालणारे, ५० पासून ३००० नंबरपर्यंतचा संच १,१५० रुपये. नंबर जितका मोठा तितका पॅड बारीक. घरात भाच्याचा कटिंगचा ग्राइंडर पडून आहे, पण तो मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो आणि पॅडच्या पाठीवर लिहिलंय जास्तीत जास्त ४,५००. त्या वेगाला पॅड तापतो, वेल्क्रो सुटतो आणि पॅड उडून तोंडावर येऊ शकतो. शिवाय तो ग्राइंडर पाण्यात चालवण्यासाठी नाहीच. वेग कमी-जास्त होणारं, पाण्याची नळी असलेलं पॉलिशर भाड्याने आणलं, दिवसाला ४०० रुपये आणि डिपॉझिट वेगळं.

पाणी आणि वीज एकत्र येतायत म्हणून आधी इलेक्ट्रिशियनकडून त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन आपोआप तोडणारा स्विच, बसवून घेतला, पायात गमबूट, एक्स्टेंशनचा बोर्ड खुर्चीवर उंच. याच्याशिवाय कुणी हे काम करू नका.

५० नंबरने सुरुवात केली तर दगडावर गोल गोल ओरखडे आले आणि ते काढायला नंतरच्या दोन पॅडना दुप्पट वेळ लागला. अ‍ॅसिडने खाल्लेला थर अगदी पातळ असतो, तिथे ५० ची गरजच नाही. दुसऱ्या फरशीला थेट १०० ने सुरुवात केली, मग २००, मग ४००. तेवढ्यात खरखर गेली आणि दगडाचा मूळ निळसर करडा रंग वर आला. ४०० ला थांबले. एक फरशी मुद्दाम ८०० आणि १५०० पर्यंत नेली, ती दिसायला सुंदर झाली, पण ओल्या पायाने सासूबाईंना तिच्यावर धरून उभं केलं तर त्या लगेच म्हणाल्या, "ही नको गं, हिच्यावर भीती वाटते." विषय संपला. हॉल ४०० च्या आसपासच ठेवायचा.

१२ फेब्रुवारी

मोठं मशीन आलं. दोघं जण, पोरगा आणि त्याचे काका. मशीनला पॅड नसतात, खाली घासायचे दगड लावतात, ६० नंबर, १२०, २२०, ३२० असे. ६० लावू नका म्हणून आधीच सांगितलं होतं. १२० ने केलं, छान झालं. मग मी नळाचं बघायला आत गेले तोवर पोराने २२० चा दगड न लावता थेट ३२० लावला. ओलं असताना काही कळलं नाही. संध्याकाळी वाळल्यावर मोबाइलचा टॉर्च जमिनीलगत आडवा धरला तर अख्ख्या हॉलभर चंद्रकोरीच्या आकाराच्या रेषा.

नंबर गाळला की हे होतंच. प्रत्येक दगड आधीच्या दगडाचे ओरखडे काढण्यापुरता असतो, १२० चे खोल ओरखडे ३२० ला निघत नाहीत, ते नुसते चकचकीत होतात. काकांना टॉर्च लावून दाखवलं, त्यांनी मान्य केलं, दुसऱ्या दिवशी २२० आणि ३२० परत केलं, जादा पैसे घेतले नाहीत. काम करवून घेणाऱ्यांसाठी एवढंच सांगेन की प्रत्येक नंबरानंतर एक कोपरा फडक्याने सुकवून टॉर्चने बघा आणि मगच पुढचा दगड लावू द्या. ओली फरशी कायम चांगलीच दिसते.

मशीनखालून जो राखाडी चिखल निघतो तो मोरीत सोडायला निघाले होते. थांबवलं. तो दगडाचा आणि सिमेंटचा गाळ आहे, पाइपमध्ये बसला की घट्ट होतो. वायपरने ओढून सुपलीने बादल्यांत भरला, रात्रभर ठेवला, वरचं निवळ पाणी अंगणात ओतलं, खालचा गाळ वाळवून पोत्यात भरला. पाच मिनिटं सुद्धा फरशीवर वाळू द्यायचा नाही, वाळला की पांढरट पापुद्रा धरतो आणि तो काढायला परत घासावं लागतं.

१६ फेब्रुवारी

दरजा, म्हणजे दोन फरश्यांमधल्या फटी. शहाबादीच्या दरजांमधलं जुनं सिमेंट ठिकठिकाणी गेलंय आणि त्यात काळी घाण घट्ट बसलीय. जुन्या हॅक्सॉच्या ब्लेडला एका बाजूने चिकटपट्टी गुंडाळून मूठ केली आणि खरवडलं. फार कंटाळवाणं काम, पाठ धरते, पण मशीनने दरजा काढायला गेलं की दगडाची कड उडते आणि शहाबादीच्या कडा आधीच हाताने फोडलेल्या, वेड्यावाकड्या.

भरायला साधं करडं सिमेंट, चाळलेली बारीक वाळू आणि पाण्यात थोडं लॅटेक्स, म्हणजे सिमेंट नीट धरावं म्हणून घालतात ते रबरी द्रव. पांढरं सिमेंट शहाबादीला घालू नका, चार महिन्यांत काळं पडतं आणि मग पुन्हा कुणीतरी अ‍ॅसिड आणतं. दरज भरल्यावर दगडावर जे सिमेंट पसरतं ते मऊ असतानाच, पंधरा-वीस मिनिटांत, पिळलेल्या स्पंजने पुसायचं. मिस्त्री लोक ते वाळू देतात आणि दुसऱ्या दिवशी अ‍ॅसिडने काढतात, ही त्यांची रोजची पद्धत आहे, म्हणून मिस्त्रीला बोलावलंच नाही, मी आणि भाच्याने केलं. नंतर तीन दिवस ओली पोती टाकून ठेवली.

२३ फेब्रुवारी

व्हरांडा. इथे आधी रांगोळीचा गुलाबी डाग. फडक्याने, साबणाने, ब्रशने काही होत नव्हतं, रंग आत मुरलाय, आणि वरून घासून आतला रंग निघत नाही. त्याला पोल्टिस लावावं लागतं, म्हणजे डाग विरघळवणारं द्रव आणि ते शोषून घेणारी पावडर यांचा लेप. मेडिकलमधून २० व्हॉल्यूमचं, म्हणजे ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणलं. पावडर म्हणून घरात मुलतानी माती होती, ती एका मोडक्या टाइलवर लावून बघितली तर तिचाच पिवळसर डाग बसला, त्या मातीत लोह असतं. मग केमिकलच्या दुकानातून पांढरी चिनी माती, किलोला ६० रुपये. पेरॉक्साइडमध्ये कालवून श्रीखंडाइतकं दाट केलं, डागाच्या बाहेर दोन बोटं जाईल असं लावलं, वर प्लॅस्टिक, कडेने चिकटपट्टी. एक दिवस झाकून, मग प्लॅस्टिक काढून पूर्ण वाळू दिलं. पहिल्या वेळेला निम्मा रंग गेला, दुसऱ्याला जवळजवळ सगळा. अगदी दाराजवळचा गडद ठिपका अजून किंचित दिसतो पण माहीत नसलेल्याला कळणार नाही.

हातमोजे घाला, पेरॉक्साइडने बोटं पांढरी पडून झोंबतात.

२६ फेब्रुवारी

मोझॅकमधे जिथे चिप्स निघून खड्डे पडले होते तिथे पांढरं सिमेंट, थोडा रंग आणि नवीन चिप्स भरल्या. चिप्सचा रंग जुळवायला दोन-तीन दुकानं फिरावी लागली, हल्ली मोझॅक कोणी बसवत नाही त्यामुळे सुट्या चिप्स ठेवणारे कमी झालेत. शेवटी एका जुन्या टाइलच्या कारखान्यातून पिवळ्या आणि काळ्या मिळाल्या, त्यांनी किलोभराचे पैसे पण घेतले नाहीत. भरलेलं आठवडाभर ओलं ठेवायचं आहे, मशीन त्यानंतर. लवकर मशीन फिरवलं तर चिप्स उपटून निघतात.

२ मार्च

कडप्प्याचा ओटा. हा काळा असतो म्हणून त्याच्यावरचे पांढरट ठिपके जास्त दिसतात. लिंबू, चिंच, आमसुलाचं पाणी, टोमॅटो, ताक, जे जे आंबट सांडलं आणि तसंच राहिलं तिथे ठिपका आहे. ते डाग नाहीत, दगडाचा वरचा थर गेलेला आहे, त्यामुळे ते धुऊन जाणार नाहीत. हातानेच ४००, ८०० आणि १५०० चे पॅड, पाण्याबरोबर. ओट्यावर चमक चालते, तिथे कोणी चालत नाही.

शेगडीमागे तेलाचा काळपट पट्टा होता. गरम पाण्यात धुण्याचा सोडा, एक लिटरला दोन मोठे चमचे, फडकं भिजवून अर्धा तास टाकून ठेवलं आणि नायलॉनच्या ब्रशने घासलं. तारेची घासणी दगडाला लावायची नाही, ओरखडे पडतात आणि तुटलेली तार मागे राहिली तर गंजते.

सिलेंडरच्या रिंगचा गंज मात्र पुरता गेला नाही. गंजाला लोक सरळ अ‍ॅसिड लावतात. आम्ही सोडियम सायट्रेट, कोमट पाणी आणि ग्लिसरीन चिनी मातीत कालवून लेप लावला. हळूहळू फिका होतोय, पण हा प्रकार सावकाशीचा आहे. सिलेंडरखाली आता चाकांची प्लॅस्टिक ट्रॉली.

ओटा गडद दिसावा म्हणून आमच्याकडे गोडंतेल चोळायची पद्धत होती. ते चिकट होतं, त्यावर धूळ बसते, वास मारतं. त्याऐवजी मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन, चार थेंब फडक्यावर घेऊन चोळायचं आणि जास्तीचं कोरडं पुसून घ्यायचं. खाण्याच्या जागी चालतं आणि खवट होत नाही.

९ मार्च

व्हरांड्याचं मशीन झालं, १२०, २२०, ३२०, एकही नंबर न गाळता, काकांनी स्वतः टॉर्च मागून घेतला.

आता सीलर, म्हणजे पाणी आणि डाग दगडात मुरू नयेत म्हणून लावायचं द्रव. दहा दिवसांवर रंगपंचमी आहे आणि व्हरांडा उघडा आहे, त्याआधी लावायलाच हवा. पण ओल्या दगडाला सीलर लावला तर आतलं पाणी अडकतं आणि फरशी ढगाळ दिसायला लागते. म्हणून प्लॅस्टिकचे दोन फुटी तुकडे चारी बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद करून दोन दिवस ठेवले होते. व्हरांड्यात खाली काही नाही, कोरडं. हॉलमध्ये मध्यभागी कोरडं. बाथरूमच्या भिंतीलगतच्या ओळीत मात्र प्लॅस्टिकच्या आतून दव धरलं. ती ओळ सोडायची असं ठरवलं. तिथे काहीही लावायचं नाही, जोवर पाणी कुठून येतंय ते कळत नाही.

सीलर आत मुरणारा घेतला, वर थर धरणारा नाही. पाण्यातला, वास कमी, लिटरला ९८०. रोलरने पातळ हात, पाच-सात मिनिटं मुरू द्यायचं आणि जे वर राहील ते सुक्या फडक्याने टिपून घ्यायचं. एका फरशीवर टिपायचं राहून गेलं, तिथे चिकट चट्टा झाला, त्याच सीलरचा ओला हात परत मारून लगेच पुसल्यावर सुटला. दुसऱ्या दिवशी दुसरा हात.

पॉलिशवाल्यांच्या लिक्विड वॅक्सची एक फरशी पण करून ठेवली होती, तुलनेसाठी, पंधरा दिवसांपूर्वी. तिच्यावर चपलांचे काळे ठसे उठलेत आणि पाणी पडल्यावर घसरते. टर्पेंटाइनने काढून टाकलं, खिडक्या उघड्या आणि गॅस बंद ठेवून.

१६ मार्च

बाथरूम. इथे नियम उलटा. ग्लेझ्ड टाइलच्या काचेसारख्या थराला सौम्य अ‍ॅसिड चालतं, आणि बोअरच्या पाण्याचा पांढरा थर त्याशिवाय निघतही नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा पर्यायच नसेल तर ६००. आमच्या बोअरचं तपासून घेतलं तर ६०० च्या वर आलं. थर का बसतो ते कळलं.

लिंबूसत्त्व, एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम. आधी सगळी भिंत साध्या पाण्याने भिजवली म्हणजे दरजांमधलं सिमेंट पाणी पिऊन बसतं आणि लिंबूसत्त्व कमी ओढतं. उंबरा शहाबादीचा आहे, त्याच्यावर प्लॅस्टिक लावून कडा चिकटपट्टीने बंद केल्या. मग भिजवलेले टिश्यू टाइलवर चिकटवले, वीस मिनिटं, आणि नायलॉन ब्रश. खालच्या दोन ओळींत थर फार जाड, तिथे ओल्या टाइलवर ब्लेड आडवं धरून खरवडलं. काही टाइल्सचं ग्लेझच गेलंय, टॉयलेट क्लीनरने वर्षानुवर्षं घासून. त्या आता कशानेच चमकणार नाहीत, त्यांच्यामागे वेळ घालवला नाही.

दरजांमधली काळी बुरशी वेगळ्या दिवशी, ब्लीचने. एकास दहा पाणी, दहा मिनिटं, मग भरपूर धुणं. ब्लीच आणि लिंबूसत्त्व किंवा टॉयलेट क्लीनर एकाच दिवशी, एकाच बादलीत, एकाच ब्रशने वापरायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना हे समोर बसवून सांगितलं, बाटल्या पण वेगवेगळ्या फळीवर ठेवल्या.

२० मार्च

काल रंगपंचमी. व्हरांड्यात पोरांनी धुमाकूळ घातला. संध्याकाळी साध्या पाण्याने आणि ब्रशने धुतलं, मोझॅकवर काही राहिलं नाही. पायरीच्या कडेला सीलर नीट पोचला नव्हता, तिथे जांभळट छटा आहे, चिनी मातीचा लेप लावलाय.

६ एप्रिल

रोजचं काम मावशींबरोबर बसून ठरवलं. आधी कोरडा झाडू, आणि तो नीट, कारण शहाबादी वाळूपेक्षा बरीच मऊ आहे आणि चपलेखालचा एकेक वाळूचा कण ओरखडा काढतो. दारात आत आणि बाहेर दोन पायपुसणी. पुसायला अर्धी बादली पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा फक्त एक चमचा. जास्त टाकलं की साबणाचा थर बसतो आणि फरशी लवकर मळते. लिंबाच्या वासाचे फ्लोअर क्लीनर घेताना मागची बाजू वाचायची, आंबट काही असेल तर शहाबादीला नाही. मावशी म्हणाल्या, "फिनेलशिवाय धुतल्यासारखं वाटत नाही ताई." फिनेल बाथरूमपुरतं ठेवलं.

खर्चाचा हिशोब. पॉलिश ८,१७६, पॅड १,१५०, पॉलिशरचं भाडं १,२००, आरसीसीबी आणि मजुरी १,८५०, सीलर तीन लिटर २,९४०, बाकी चिनी माती, पेरॉक्साइड, सायट्रेट, टिश्यू, सिमेंट वगैरे मिळून १,४००. एकूण १६,७१६. नवीन व्हिट्रिफाइड टाइल्स बसवायचा एका कॉन्ट्रॅक्टरने जो आकडा सांगितला होता त्याच्या पाव भाग सुद्धा नाही, आणि शहाबादी उन्हाळ्यात जी पायाला गार लागते ती या घरात राहिली. सोलापूरच्या एप्रिलमध्ये हे फार मोठं आहे. सासूबाई दुपारी फरशीवरच उशी घेऊन पडतात.

१३ जुलै

पाऊस सुरू होऊन महिना झाला. हॉल मध्यभागी ठीक, चमचाभर पाण्याची चाचणी परत केली, थेंब टिकतो. बाथरूमच्या भिंतीलगतच्या त्याच ओळीवर, जिला सीलर लावला नव्हता, लोणा फुटलाय. पांढरी बारीक भुकटी. ओल्या फडक्याने पुसली तर क्षार परत आत जातो म्हणून कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत घेतली.

प्लंबरने बाथरूमचं फ्लोअर ट्रॅप, म्हणजे जाळीखालचं पाणी जायचं भांडं, उघडून बघितलं. ट्रॅप आणि पाइपच्या सांध्यातलं सिमेंट गेलंय, अंघोळीचं पाणी भिंतीखालून हॉलकडे येतंय. सांधा पुढच्या आठवड्यात बदलायचा. त्यानंतर ती ओळ वाळायला निदान दिवाळीपर्यंतचा वेळ देणार, मधून मधून टिश्यूचा लगदा लावणार, परत प्लॅस्टिक चिकटवून बघणार आणि आतून दव धरलं नाही तरच तिथे सीलर. अर्धा लिटर उरलाय, बाटलीवर तारीख घालून ठेवलाय.